तुरटीसारखा हिरा कसा वाचायचा

बेळगावात, शहापूरच्या खडे बाजारात आमचं सराफी दुकान. हिऱ्यातला डाग दहापटीच्या भिंगातून कसा धरायचा, हे आप्पांनी मला दहावीच्या सुट्टीत शिकवलं. पुढे भूशास्त्राकडे गेले आणि कामाचा पहिला खडा त्यांना दाखवला, तर म्हणाले, "हा कसला हिरा गं? तुरटीचा खडा आणलास की!"

नेमका तोच हवा असतो. हिऱ्याच्या पोटातले द्रव अभ्यासायचे तर आधी गिऱ्हाइकाने नाकारलेला माल बघा: करडा, पिवळट, धुरकट, आरपार न दिसणारा. हे तंतुमय हिरे. बारीक तंतू एकमेकांना चिकटून वाढतात आणि वाढता वाढता भोवतालचा द्रव असंख्य कप्प्यांत कोंडून घेतात. एकेक कप्पा बहुधा मायक्रॉनहून, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही लहान, त्यामुळे भिंगात थेंब दिसत नाही, नुसतं धुकं दिसतं. काही खड्यांत आत लख्ख गाभा आणि वरून मळकट साल असते. ती साल घासून टाकू नका. साल हाच माल.

हिऱ्याला हात लावण्याआधी महिनाभर गारगोटीवर डोळा बसवा. आपल्याकडच्या काळ्या दगडात विहीर खणताना पोकळ्या लागतात, त्यांतले काचेसारखे स्फटिक गोळा करा. पातळ चकती घासून सूक्ष्मदर्शकाखाली धरली आणि नशिबाने साथ दिली, तर पाण्याच्या थेंबात हलणारा बुडबुडा सापडतो. चकती तापवत नेली की एका तापमानाला तो नाहीसा होतो. थेंब कोंडला गेला तेव्हा किमान किती उष्णता होती, याचा अंदाज त्यावरून येतो.

ही युक्ती हिऱ्यावर चालत नाही, हे आधीच सांगते. दीडशे किलोमीटरहून खोल कोंडलेला दाट द्रव वर येताना निवतो. मग त्याच कप्प्यात कार्बोनेट, अभ्रक, अॅपेटाइट अशा खनिजांचे कण आणि उरलेलं खारं पाणी वेगळं होतं. दाब मात्र पुरता सुटत नाही, कारण हिरा ताणत नाही. अशा कप्प्यांतलं क्वार्ट्झ, म्हणजे गारगोटीचंच खनिज, अवरक्त किरण जिथे शोषतं त्या पट्ट्या दाबाने सरकतात; त्यावरून दीड-दोन गिगापास्कल (हवेच्या दाबाच्या पंधरा-वीस हजार पट) दाब आजही शिल्लक असल्याचं मोजलं गेलं आहे. त्यात मोकळ्या हवेत फार तापवाल तर हिराच जळेल.

आता चकती. समोरासमोरच्या दोन बाजू समांतर घासून अर्धा ते एक मिलिमीटर जाडी ठेवा. घासायला ओतीव लोखंडाची फिरती तबकडी, तेल आणि हिऱ्याचीच पूड. अष्टफलकाच्या, म्हणजे आठ बाजूंच्या स्फटिकाच्या, बाजूवर जोर लावून उपयोग नाही, ती सगळ्यांत चिवट. दिशा बदलून बघा. उद्यमबागेतले एक मिस्त्री माझ्या चकतीचा डोल काढताना सारखं म्हणायचे, "निधान, बाई, निधान." म्हणजे सावकाश. तेवढं कानडी इथे पुरेसं आहे.

पुढची पायरी अवरक्त किरणांची: ते चकतीतून सोडायचे आणि कुठे किती शोषले जातात त्याचा आलेख काढायचा. इथे मी चांगलीच तोंडावर पडले आहे. माझ्या पहिल्या आलेखात २८५० आणि २९२० च्या आसपास (हे आकडे एका सेंटीमीटरमधल्या लहरींचे) दोन सुरेख टोकं आली. खोल पृथ्वीतले हायड्रोकार्बन सापडले म्हणून दिवसभर हवेत होते. सकाळी केसांना खोबरेल चोपडून त्याच बोटांनी खडा धरला होता! तेव्हापासून हातमोजे, चिमटा आणि शेवटी अल्कोहोलने धुणं. खडा चिकटवायच्या डिंकाचीही टोकं तिथेच येतात. तीव्र आम्लांची धुलाई मात्र प्रयोगशाळेत, जाणत्या माणसाच्या हातूनच.

आलेखात पाणी ३४०० आणि १६४० जवळ दिसतं, कार्बोनेट १४३० च्या आसपास, सिलिकेट हजाराजवळ. १२८२ ला आलेलं टोक बघून फसू नका, ते हिऱ्यातल्या नायट्रोजनच्या जोड्यांचं. ते वजा केल्याशिवाय शेजारच्या टोकांवर बोलू नये. १९०० ते २७०० मधली ठसठशीत रांग हिऱ्याची स्वतःची. जाडीचा हिशोब तिच्यावरून करता येतो.

मग इलेक्ट्रॉन प्रोब, म्हणजे इलेक्ट्रॉनांची बारीक शलाका मारून त्या जागी कोणती मूलद्रव्यं किती आहेत ते मोजणारं यंत्र. पृष्ठभाग न फोडता, त्याच्या लगेच खाली असलेले कप्पे शोधून एकेकावर शलाका सोडायची. मूलद्रव्यांची बेरीज शंभराऐवजी दोन-चार टक्केच भरली तर घाबरू नका. शलाकेखाली बहुतेक कार्बनच असतो. आलेले आकडे शंभरावर आणून मांडा, आणि एका कप्प्यावर न थांबता बरेच कप्पे मोजा. भूशास्त्रज्ञ ओडेड नावोन आणि सहकाऱ्यांनी १९८८ साली हाच मार्ग दाखवला. आज चार टोकाच्या जाती मानतात: खारट, सिलिकायुक्त, आणि मॅग्नेशियम कमी किंवा जास्त असलेल्या दोन कार्बोनेटी. तुमचा खडा बहुधा दोन जातींच्या मध्ये कुठेतरी बसेल. गाभ्याकडून कडेकडे ओळीने मोजलंत तर द्रव बदलत गेला का, तेही कळेल.

एक मात्र तपासा: मोजलेला कप्पा भेगेवर तर नाही ना? भेग नंतर सांधली गेली असेल, तर द्रव हिऱ्याच्या वाढीच्या वेळचा नसूही शकतो.

लेसर सगळ्यांत शेवटी. सूक्ष्म प्रमाणातल्या मूलद्रव्यांसाठी तो लागतोच, पण तो खड्डा पाडतो आणि तिथला माल कायमचा जातो. आधी चकतीचं मोठं चित्र कागदावर काढा, प्रोबचे ठिपके निळ्या शाईने, लेसरचे खड्डे लालने, आणि तो कागद घडी करून खड्याच्याच पुडीत ठेवा. आमच्या दुकानातल्या गुलाबी कागदाच्या पुड्या त्याला अगदी मापाच्या आहेत.