मेथाडोन सुरू आहे? मग या चुका टाळा

गर्दवर (म्हणजे ब्राउन शुगर, हेरॉइनवर) असलेल्या माणसाचं घड्याळ गर्दच चालवते. शेवटच्या दमानंतर आठ-दहा तासांत टर्की, म्हणजे नशा न मिळाल्याचा त्रास, लागते: जांभया, नाकाडोळ्यांतून पाणी, अंगावर काटा, पोटात मुरडा, जुलाब, पायांत कळा. दम मारला की लगेच उतार. गर्द सुटावं म्हणून केंद्रावर रोज मिळणाऱ्या मेथाडोन या औषधाची चाल याच्या अगदी उलट, संथ. जुनं घड्याळ नव्या औषधाला लावलं की चुका सुरू होतात.

सगळ्यात जीवघेणी चूक म्हणजे ‘आजचा डोस लागलाच नाही’ म्हणून वरून काहीतरी घेणं. मेथाडोनचा जोर दोन ते चार तासांनी येतो, पण रक्तातलं निम्मं औषध उतरायला साधारण एक ते दीड दिवस लागतो. म्हणजे डोस न वाढवताही पहिले चार-पाच दिवस औषध अंगात साठत जातं. सोमवारी अपुरा वाटलेला डोस गुरुवारी पुरून उरू शकतो. त्यात दारू, गर्द किंवा अल्प्राझोलम, नायट्राझेपामसारख्या झोपेच्या गोळ्या पडल्या की श्वास मंदावतो. घरच्यांना वाटतं, बऱ्याच दिवसांनी गाढ झोपलाय, घोरू दे. पण घशात गुरगुर आहे, ओठ निळसर आहेत, हलवूनही जाग येत नाही, तर ती झोप नव्हे. कुशीवर वळवा, १०८ ला फोन करा. नॅलोक्सोनच्या (अशा औषधांचा असर उतरवणाऱ्या) इंजेक्शनने तो उठून बसला तरी घरी आणायची घाई नको. ते तास-दीड तासात उतरतं, मेथाडोन मात्र अंगात असतंच.

आता टीबीचं. आपल्याकडे हे हमखास घडतं आणि कुणाच्या लक्षात येत नाही. टीबीच्या उपचारातलं रिफाम्पिसिन यकृताला इतकं कामाला लावतं की मेथाडोन भराभर संपू लागतं. डोस तोच, केंद्रावर रोजची हजेरी, तरी थोड्याच दिवसांत टर्की परत! घरात संशय सुरू होतो, ‘पुन्हा ओढायला लागलास ना?’ बिचारा खरं बोलत असतो. फिटच्या फेनिटोइन, कार्बामाझेपिन या गोळ्यांचंही तेच. टीबीचं औषध बंद करणं हा उपाय नव्हे. केंद्रावर सांगा, ते मेथाडोनचा डोस वाढवतात. टीबीचा कोर्स संपला की तेही कळवा, नाहीतर तोच वाढलेला डोस आता जड जाईल.

गावी लग्नाला गेलात, तीन-चार दिवस डोस चुकला? परतल्यावर थेट जुनाच डोस मागू नका. तेवढ्यात शरीराची सवय उतरू लागलेली असते. किती दिवस चुकले ते खरं सांगा, डॉक्टर कमी डोसपासून सुरुवात करतील.

मित्राकडची ब्युप्रेनॉर्फिनची, म्हणजे गर्द सोडवायच्याच दुसऱ्या औषधाची, गोळी जिभेखाली ठेवणं ही आणखी एक चूक. मेथाडोन अंगात असताना ती गोळी त्याला मेंदूतल्या जागेवरून ढकलून देते आणि टर्की एकदम उसळते. औषध बदलायचं असेल तर डॉक्टरांच्या देखरेखीखालीच.

‘नशा सोडवायला दुसरी नशाच ना?’ असं म्हणत नातेवाईक औषध तोडायला लावतात. जागतिक आरोग्य संघटनेने २००५ मध्ये मेथाडोन अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतलं, ते उगाच नाही. अचानक तोडल्यावर मेथाडोनची टर्की उशिरा, एक-दोन दिवसांनी लागते, पण दोन-तीन आठवडे रेंगाळते. त्या दिवसांत पाय घसरून कुणी गर्दच्या पूर्वीच्या मापावर गेला, तर सवय उतरलेल्या शरीराला ते झेपत नाही. गरोदरपणात तर अचानक तोडणं बाळालाही धोक्याचं. डोस कमी करायचाच असेल तर थोडाथोडा, काही महिने घेऊन. जवळचं केंद्र माहीत नसेल तर १४४४६ ही व्यसनमुक्तीची हेल्पलाइन आहे.