भाजीतलं व्हिटॅमिन मुलांच्या पोटापर्यंत पोचवायचं कसं

आमची धाकटी ३ वर्षांची होती तेव्हाची गोष्ट, मी पालक भरपूर पाण्यात उकळायचे, हिरवंगार पाणी बेसिनमध्ये ओतायचे आणि उरलेल्या चोथ्याची भाजी तिच्या ताटात वाढायचे, ती पण बोटांनी एकेक पान वेचून ताटाच्या कडेला चिकटवून ठेवायची. आणि मी खुश, की रोज पालेभाजी करतेय. व्हिटॅमिन सी आणि बी गटातली बरीचशी व्हिटॅमिन पाण्यात विरघळतात हो, ती आमच्या मोरीत चालली होती.

म्हणून सुरुवात विळीपासून करा. भाजी आधी धुवायची आणि मग चिरायची, चिरून पाण्यात बुडवून ठेवायची नाही. शिजवताना अगदी कमी पाणी, झाकण ठेवून वाफेवर. रंग हिरवा राहावा म्हणून कुणी चिमूटभर सोडा टाकतात तो बंद करा, सोड्याने बी-१ आणि सी दोन्ही जातात. तांदूळसुद्धा तीन-चार पाण्यात चोळचोळून धुवायची गरज नाही, त्यातलं बी-१ वाहून जातं.

मग तेल-तूप. गाजर, लाल भोपळा, शेवग्याचा पाला, लाल माठ, पपई यांच्यात जे असतं त्याचं शरीर व्हिटॅमिन ए बनवतं, पण ते अंगी लागायला स्निग्ध पदार्थ लागतो. नुसतं उकडलेलं गाजर देण्यापेक्षा फोडणी दिलेली गाजराची भाजी किंवा तुपावर परतलेला भोपळा जास्त कामाचा, एक छोटा चमचा तूप पुरे.

लिंबू मात्र गॅस बंद केल्यावरच पिळा, सी उष्णतेने कमी होतं. पोह्यांवर, उसळीवर, वरणभातावर पिळा कारण सी असलं की धान्य-डाळी-पालेभाजीतलं लोह शरीराला नीट घेता येतं. मटकीला मोड आणले की त्यातलं सी वाढतं. आणि पेरू! ३-४ वर्षांच्या मुलाला दिवसाला ३०-३५ मिलीग्रॅम सी लागतं, ते अर्ध्या पेरूत भागतं, संत्र्यापेक्षा पेरूत कितीतरी जास्त असतं (अगदी लहान मुलाला बिया काढून द्या). सकाळचं चहा-चपाती तेवढं मुलांना देऊ नका प्लीज, चहामुळे जेवणातलं लोह अंगाला लागत नाही.

पानं वेचणाऱ्या मुलांसाठी माझा एकच उपाय चाललाय, थालीपीठ. मूठभर शेवग्याचा कोवळा पाला किंवा मेथी एकदम बारीक चिरायची, भाजणीत कांदा-तीळ घालून मळायची, थापून मधे भोक पाडून तेल सोडायचं, वर लोण्याचा गोळा. आमची धाकटी आता दोन मागून खाते.

बी-१२ भाज्यांत नसतं. दूध, दही, पनीर, अंडी, मासे यातलं काहीतरी रोज हवंच. घरात अंडं चालत नसेल आणि मूल दूधही घेत नसेल तर डॉक्टरांशी बोला, उशीर करू नका.

डी चं गणित वेगळंय, ते जेवणातून फारसं मिळत नाही. आपण कोवळं ऊन कोवळं ऊन म्हणतो पण अगदी सकाळच्या उन्हात डी तयार करणारे किरण फार कमी असतात. आपली सावली आपल्यापेक्षा छोटी पडली की ऊन कामाचं, साधारण दहानंतर थोडा वेळ हातपाय उघडे ठेवून खेळू द्या, मे महिन्याच्या कडक उन्हात नको. बंद काचेच्या खिडकीतून आलेलं ऊन चालत नाही. वर्षाच्या आतल्या बाळाला डॉक्टर रोज ४०० युनिटचे ड्रॉप्स देतात, तिथे बाटली नीट वाचा कारण एका मिलीत कुठे ४०० असतात कुठे ८००, बाटली बदलली की माप पुन्हा विचारून घ्या.

व्हिटॅमिन ए चा डोस अंगणवाडीत किंवा उपकेंद्रात फुकट मिळतो. पहिला ९ महिन्यांना गोवर-रुबेलाच्या लशीबरोबर १ लाख युनिट, मग दीड वर्षापासून दर ६ महिन्यांनी २ लाख, ५ वर्षांपर्यंत एकूण ९ डोस. लसीकरण कार्डावर तारीख लिहून घ्या, म्हणजे चुकणारही नाही आणि दोनदा दिलाही जाणार नाही. ए आणि डी अंगात साठतात, जास्त झाले तर त्रास होतो, म्हणून गोळ्या, गमीज, टॉनिक मनाने सुरू करायचं नाही.

आणि दिवेलागणीला मूल अंधुक उजेडात अडखळायला लागलं, पाय वाकलेले दिसले, हिरड्यांतून रक्त येतंय किंवा जीभ लालबुंद होऊन मूल मलूल पडतंय, तर गाजराचा रस देत घरी थांबू नका, त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या आणि ते कार्ड सोबत ठेवा.