अनंतापासून प्रभार आणतं कोण?

पदवीच्या दुसऱ्या वर्षाची भौतिकशास्त्राच्या प्रॅक्टिकलची व्हायवा. परीक्षकांनी विचारलं, "विद्युत विभव (पोटेन्शियल) म्हणजे काय?" हा माझा हुकमी प्रश्न. एका दमात म्हणून टाकलं, "एकक धनप्रभार अनंतापासून त्या बिंदूपर्यंत आणण्यासाठी करावं लागणारं कार्य." सरांनी मान डोलावली आणि खिडकीबाहेर बोट दाखवलं. "त्या तारेवर पक्षी बसलाय. तारेचं विभव हजारो व्होल्ट. तरी तो मजेत आहे. का?"

मला काही सुचेना. थोडा वेळ वाट बघून त्यांनी दुसरा प्रश्न टाकला, तोही हसत हसत. "बरं, तो प्रभार अनंतापासून आणतं कोण?"

मार्क बरे पडले, कारण रीडिंग्ज आणि आलेख चोख होते. पण दोन वर्षं मी विभवावरची गणितं सोडवत होतो, उत्तरं पुस्तकाच्या शेवटच्या पानांशी जुळत होती, आणि एका पक्ष्यासमोर माझी विकेट गेली. "गणितं सुटतात, पण कळत काहीच नाही" असं कुणी नवीन विद्यार्थी म्हणाला की मला तो पक्षी आठवतो.

माझी समजूत अशी होती की एखादी गोष्ट समजणं म्हणजे डोळ्यांसमोर तिचं चित्र उभं राहणं. बलाचं चित्र उभं राहतं; ढकललं की वस्तू हलते. विभव, क्षेत्र, एन्ट्रॉपी यांचं काही उभं राहीना. मग मी एकतर व्याख्या घोकायचो, नाहीतर रंगीत अॅनिमेशन शोधत बसायचो. अॅनिमेशन बघताना सगळं कळल्यासारखं वाटायचं. व्हिडिओ संपला की ते वाटणंही संपायचं.

गाडी रुळावर आली ती प्रश्न बदलल्यावर. "हे काय आहे?" हे विचारायचं सोडलं आणि "हे नसतं तर कुणाचं काय अडलं असतं?" असं विचारायला लागलो.

विभवाचंच घ्या. ते नाही असं समजा. एक प्रभार इथून तिथे न्यायचाय, तर वाटेतल्या प्रत्येक बिंदूवर बल किती आणि कुठल्या दिशेला, हे काढून तुकड्यातुकड्याने बेरीज करायची. वाट बदलली की पुन्हा पहिल्यापासून. प्रभार बदलला की पुन्हा. पण स्थिर प्रभारांच्या बाबतीत एक गंमत आहे. कुठल्याही वाटेने गेलात तरी एकूण कार्य तेवढंच भरतं. डोंगरावर सरळ चढा नाहीतर वळसे घेत चढा, पायथा आणि माथा यांच्या उंचीतला फरक तोच राहतो. मग प्रत्येक बिंदूला एक आकडा देऊन टाकता येतो. दोन बिंदूंच्या आकड्यांची वजाबाकी करायची, प्रभाराने गुणायचं, झालं. तो आकडा म्हणजे विभव. १.५ व्होल्टचा सेल म्हणजे त्यातून जाणाऱ्या प्रत्येक कूलोंब प्रभारामागे १.५ ज्यूल ऊर्जा.

आता अनंताचं भूतही उतरतं. उंची समुद्रसपाटीपासून मोजा नाहीतर टेबलापासून, फरक बदलत नाही. अनंत म्हणजे "शून्य इथे धरलंय" एवढी खूण. प्रभार तिथून कुणीच आणत नाही. आणि पक्ष्याचे दोन्ही पाय जवळजवळ सारख्याच "उंचीवर" आहेत, त्यामुळे त्याच्यातून धारा वाहायला कारणच नाही. जमिनीशी जोडलेल्या एखाद्या धातूला त्याचा पंख लागला, तर मात्र खेळ खलास.

मी त्या व्हायवात दिलेली व्याख्या चुकीची नव्हतीच. ती उत्तर होती. त्यामागचा प्रश्न मला माहीत नव्हता.

म्हणून माझा पहिला सल्ला जरा आडवळणाचा आहे. संकल्पना अडली की तिचा जन्म कुठल्या भांडणातून झाला ते शोधा. पाठ्यपुस्तकं ही भांडणं गाळतात आणि थेट निकाल छापतात. गतिज ऊर्जेच्या सूत्रात वेगाचा वर्ग का, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. सांगायचे ते इतकंच, की समाकलन (इंटिग्रेशन) केलं की वर्ग येतो. खरं तर यावर मोठा वाद झाला होता. फ्रेंच तत्त्वज्ञ देकार्तच्या परंपरेतले लोक गतीचं माप वस्तुमान गुणिले वेग असं धरत. १६८६ मध्ये जर्मन गणिती लायब्निट्झने आक्षेप घेतला, की खरं माप वस्तुमान गुणिले वेगाचा वर्ग हे आहे. पुढे १७२०च्या दशकात नेदरलँड्समध्ये स ग्राव्हेसांडे या भौतिकशास्त्रज्ञाने पितळेचे गोळे मऊ मातीत पाडून बघितले. वेग दुप्पट झाला की खड्डा दुप्पट नव्हे, चौपट मोठा पडायचा.

मग बरोबर कोण? दोघंही. हे मला फार उशिरा कळलं, आणि कळलं त्या दिवशी मी खूश होऊन खोलीभर फेऱ्या मारल्या. धावत्या गाडीला ठरावीक जोराने ब्रेक लावले, तर थांबायला किती *वेळ* लागेल हे संवेग (वस्तुमान गुणिले वेग) सांगतो आणि किती *अंतर* लागेल हे गतिज ऊर्जा सांगते. वेग दुप्पट केला तर वेळ दुप्पट आणि अंतर चौपट. एकाच गतीला दोन वेगळे प्रश्न विचारले, म्हणून दोन वेगळ्या राशी आल्या. संवेग आणि ऊर्जा यांची गल्लत करणारा मी एकटा नव्हतो. त्या काळची चांगली चांगली डोकी त्यात वर्षानुवर्षं अडकली होती. नवख्या माणसाला याचा मोठा दिलासा असतो.

मराठीत शिकलेल्यांना इथे आणखी एक अडचण येते, तिच्याबद्दल फारसं बोललं जात नाही. बोलताना आपल्याला बळ, शक्ती, जोर, ताकद हे सगळे शब्द एकाच अर्थाचे. "अंगात शक्ती नाही" आणि "अंगात बळ नाही" यांत काय फरक? काहीच नाही. भौतिकशास्त्रात मात्र बल न्यूटनमध्ये मोजायचं आणि शक्ती वॅटमध्ये. शक्ती म्हणजे कार्य करण्याचा दर. वजन आणि वस्तुमान, चाल आणि वेग यांचीही तीच तऱ्हा. "कार्य" तर सर्वांत फसवं. जड बॅग हातात धरून अर्धा तास नुसतं उभं राहिलात, तर पुस्तक म्हणतं बॅगेवर केलेलं कार्य शून्य. हात मात्र भरून येतो. मला हे वाचून अपमान झाल्यासारखं वाटलं होतं! खुलासा असा, की स्नायूंचे तंतू स्थिर धरतानाही आत सतत आखडत-सैलावत असतात आणि रासायनिक ऊर्जा जाळतात. ती ऊर्जा उष्णतेत जाते. बॅगेला त्यातलं काही मिळत नाही. बॅग तिथेच ठेवायचं काम टेबलही करतं आणि ते काही दमत नाही. अशा शब्दांची एक यादी मी करून ठेवली होती: शब्द, रोजचा अर्थ, शास्त्रातला अर्थ. नंतर इंग्रजी पुस्तकं वाचताना तिचा जास्तच उपयोग झाला, कारण फोर्स आणि पॉवर यांची तिथेही अशीच सरमिसळ असते.

उपमांबद्दल मात्र मी सावध झालोय. तारेतली वीज म्हणजे नळातलं पाणी, ही उपमा आपण सगळ्यांनी ऐकलेली. दाब म्हणजे विभवांतर, प्रवाह म्हणजे धारा. सुरुवातीला ती छान चालते. पण नळ कापला की पाणी बाहेर सांडतं. तार कापली की वीज सांडत नाही, वाहायची थांबते. आणि वेगाचं काय? १ चौरस मिलिमीटर छेदाच्या तांब्याच्या तारेतून १ अँपिअर धारा जात असेल, तर इलेक्ट्रॉन सरासरी सेकंदाला साधारण ०.०७ मिलिमीटर पुढे सरकतात. मुंगीसुद्धा त्यांच्या पुढे जाईल. दिवा लगेच लागतो, कारण विद्युतक्षेत्र तारेच्या कडेने प्रचंड वेगाने, प्रकाशवेगाच्या जवळपास, सगळीकडे पोचतं आणि सगळीकडचे इलेक्ट्रॉन एकदमच सरकू लागतात. म्हणून उपमा वापरायचीच असेल तर ती कुठे मोडते हेही तिथेच लिहून ठेवायचं. ती कुठे मोडते ते सापडलं नाही, तर उपमाही समजलेली नाही आणि मूळ गोष्टही नाही, असं माझं मत आहे.

मोठ्या माणसांनीही उपमा वापरल्या, पण परांचीच्या बांबूंसारख्या. इंग्रज शास्त्रज्ञ फॅरेडेचं गणिताचं शिक्षण जवळजवळ नव्हतंच. लोहकीस चुंबकाभोवती ज्या रेषांत मांडला जातो, त्या रेषांवरून तो विचार करायचा. १८३१ मध्ये त्याने विद्युतचुंबकीय प्रवर्तन (बदलत्या चुंबकीय क्षेत्रातून वीज निर्माण होणं) शोधलं. स्कॉटिश भौतिकशास्त्रज्ञ मॅक्सवेलने १८६१-६२ मध्ये त्या रेषांना गणितात बसवण्यासाठी अवकाशात फिरणारे भोवरे आणि त्यांच्यामधली छोटी चाकं अशी यंत्रासारखी रचना कल्पिली. त्यातून विद्युतचुंबकीय तरंगांचा वेग निघाला आणि तो प्रकाशाच्या मोजलेल्या वेगाशी जुळला. पुढे १८६५च्या निबंधात त्याने ती चाकं बाजूला ठेवली. क्षेत्र आणि त्याची समीकरणं राहिली. इमारत उभी राहिल्यावर बांबू काढायचे असतात. मी उलट करत होतो: बांबू धरून बसलो होतो आणि इमारत कुठे दिसत नाही म्हणून रडत होतो.

आता अभ्यासाच्या टेबलावरच्या गोष्टी. गणित सोडवायच्या आधी उत्तराचा अंदाज लिहायचा, आकड्यात नाही, शब्दांत. "वाढेल", "निम्मं होईल", "फरक पडणार नाही". अंदाज चुकला की तिथे काहीतरी शिकण्यासारखं आहे हे लगेच कळतं. नुसतं उत्तर बरोबर आलं तर काहीच कळत नाही. चेंडू सरळ वर फेकला, अगदी वरच्या टोकाला त्याचं त्वरण किती? मी वर्षभर आत्मविश्वासाने "शून्य" म्हणत होतो. तिथे वेग शून्य असतो. त्वरण शून्य असतं तर चेंडू वरच लटकून राहिला असता. १९९२ मध्ये अमेरिकेत फोर्स कन्सेप्ट इन्व्हेंटरी नावाची एक चाचणी प्रसिद्ध झाली. आकडेमोड अजिबात नाही, नुसते बहुपर्यायी प्रश्न, आणि चुकीचे पर्याय लोकांच्या नेहमीच्या गैरसमजांतून उचललेले. वर फेकलेल्या चेंडूवर कुठली बलं असतात, हा प्रश्न त्यात आहे. गणितं सोडवण्यात पटाईत असलेली मुलंही अशा प्रश्नांना अडखळतात, हे अनेक वर्गांत दिसलेलं आहे. मी ती पहिल्यांदा सोडवली तेव्हा माझं तोंड बघण्यासारखं झालं होतं.

दुसरी सवय म्हणजे सूत्राला टोकापर्यंत ताणायचं. वस्तुमान शून्य केलं तर? अंतर अफाट केलं तर? घर्षण काढून टाकलं तर? अंतराळस्थानकात गुरुत्व नसतं असं वाटत असेल, तर सूत्रात ४०० किलोमीटर उंची घालून बघा. जमिनीवरच्या गुरुत्वाच्या जवळपास ८९ टक्के गुरुत्व तिथे शिल्लक असतं. मग अंतराळवीर तरंगतात का? ते आणि स्थानक दोघंही एकत्रच पडत असतात म्हणून. पाच मिनिटांची आकडेमोड, आणि शाळेपासूनचा गैरसमज जातो.

म्हणजे गणितं सोडवू नका असं मी मुळीच म्हणत नाही. "संकल्पना महत्त्वाच्या, आकडेमोड कशाला" असं म्हणणारे भेटतात. त्यांचं ऐकू नका. हात न चालवता आलेली समज चहूबाजूंनी गळते. एन्ट्रॉपी मला कुठल्याही वर्णनाने कळली नाही. "अव्यवस्था" या शब्दाने तर उलट घोळच झाला. ती कळली नाणी मोजताना. १०० नाणी उडवली, तर सगळे छापे पडण्याची रीत एकच. ५० छापे आणि ५० काटे पडण्याच्या रीती सुमारे १०^२९. एन्ट्रॉपी म्हणजे अशा रीती किती, याचं माप. निसर्ग अव्यवस्थेकडे धावत नाही. जिथे रीती जास्त तिथे तो सापडतो, एवढंच. हे कागदावर १० नाण्यांसाठी स्वतः करून बघा. तिथे १ आणि २५२ असे आकडे येतात. मग १०० कडे जा.

आणि काही ठिकाणी मुक्काम लांबवू नका. एका प्रकरणावर तीन आठवडे डोकं आपटून मी एक सेमिस्टर जवळजवळ घालवलं होतं. पुढचं प्रकरण वाचल्यावर मागचं अचानक सुटतं, असं भौतिकशास्त्रात वारंवार होतं. आजचा अडथळा तारीख घालून लिहायचा आणि पुढे जायचं.

माझी ती वही अजून आहे. डाव्या पानावर पुस्तकातली व्याख्या, उजव्या पानावर ती संकल्पना नसती तर काय अडलं असतं ते माझ्या शब्दांत. विभवाचं उजवं पान भरलेलं आहे, कोपऱ्यात तारेवरचा पक्षीही काढलाय. एन्ट्रॉपीचं पान तीनदा खोडून लिहिलंय. इलेक्ट्रॉनच्या स्पिन नावाच्या अंगभूत गुणधर्माच्या पानावर आधी एक गरगर फिरणारा चेंडू होता. तो नंतर काट मारून खोडला, कारण इलेक्ट्रॉन खरंच असा चेंडू असता तर त्याचा पृष्ठभाग प्रकाशापेक्षा जास्त वेगाने फिरावा लागला असता. खाली लिहिलंय, "फिरत नाही. चुंबकीय क्षेत्रात दोनच उत्तरं देतो." पुढचं अर्धं पान कोरं आहे.