कोकणात निसर्ग शिबिराला मुलं नेताय? बसच्या आधी तिथी बघा

गेली काही वर्षं मी पुण्याहून सातवी-आठवीची मुलं दापोली तालुक्यातल्या एका निसर्ग शिक्षण केंद्रावर नेतोय. पहिल्या वर्षी चुकायचं म्हणून काही शिल्लक ठेवलं नव्हतं.

सगळ्यात मोठी चूक तारखेची. सलग सुट्टी, बसचं बुकिंग, घटक चाचणी एवढं सगळं पाहिलं. दुपारी चारला भिंगं आणि वह्या घेऊन चाळीस मुलं किनाऱ्यावर हजर, आणि ज्या खडपावर, म्हणजे किनाऱ्यालगतच्या खडकांवर, समुद्रफुलं (सी ॲनिमोन) नि खेकडे दाखवायचे ते खडपच पाण्याखाली. केंद्रावरचे मामा शांतपणे म्हणाले, "गुरुजी, आज चतुर्थी. तीनची भरती. पंचांग नाय बघितलंत?"

हिशोब अगदी सोपा आहे. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. चतुर्थीला ४ ची पाऊणपट ३, अष्टमीला ६. तिथून साधारण सहा तास मागे किंवा पुढे ओहोटी. म्हणजे त्याच चतुर्थीला सकाळी नऊला आम्ही गेलो असतो, तर खडप उघडं मिळालं असतं. अष्टमीच्या आसपास ओहोटी ऐन बाराच्या उन्हात येते आणि भांगाचं, म्हणजे कमी जोराच्या भरती-ओहोटीचं, पाणी हटतंही कमी. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, पाणी लांबवर जातं, पण ते भल्या पहाटे नि तिन्हीसांजेला. म्हणून मी आता शुद्ध द्वितीया-तृतीया धरतो. उधाणाचा जोर अजून असतो, ओहोटी सकाळी साडेसात-सव्वाआठच्या सुमारास मिळते, आणि चंद्रकोर लवकर मावळत असल्यामुळे रात्री आकाशदर्शनालाही अंधार सापडतो. मृग, रोहिणी, कृत्तिका मुलांना बोटाने दाखवता येतात. पाऊणपटीचं गणित अंदाजाचं, तेव्हा नक्की वेळ छापील भरती-ओहोटीच्या तक्त्यावरूनच घ्या.

खडपावर ओहोटीच्या तासभर आधी उतरा आणि पाणी फिरलं की निघा. "अजून दहा मिनिटं, सर" हे ऐकायचं नाही. भरती फक्त समोरून येते असं मुलांना वाटतं. प्रत्यक्षात पाठीमागची चर आधी भरते आणि परतीची वाट गुडघाभर पाण्यात जाते. मी पाण्याच्या कडेला एक काठी रोवतो आणि एका शिक्षकाला फक्त तिच्याकडे बघायला बसवतो, मोबाईल काढून घेऊन. काठीचं बूड भिजलं की शिट्टी. पोहायला तर कुणालाच सोडत नाही. फेब्रुवारी २०१६ मध्ये रायगड जिल्ह्यातल्या मुरूडला पुण्याहून सहलीला आलेले १४ विद्यार्थी बुडाले, ते अजून डोळ्यांसमोर आहे.

पायांत काय असावं यावर पालकांशी दरवर्षी हुज्जत होते. साधी स्लिपर शेवाळावर सटकते, निघाली तर तरंगत जाते, आणि अनवाणी पाय कालवांच्या धारेवर पडला की चिरलाच. टाचेला पट्टा असलेले जुने सँडल आणा, एवढंच चिठ्ठीत लिहा. जेलीफिश लागलाच तर गोडं पाणी नको, वाळूने चोळणंही नको. समुद्राच्याच पाण्याने धुवा आणि सरळ दवाखाना गाठा.

शंख गोळा करण्याचं प्रकरण वेगळंच. आमच्या एकाने खिसा भरून शंख आणले. रात्री दिवे गेल्यावर त्याच्या उशाशी खुडखुड. बॅटरी मारली तर दोन शंख फरशीवरून भिंतीकडे चालले होते. आत खेकडे! रात्री साडेअकराला मामांना उठवून ते समुद्रात सोडले. तेव्हापासून नियम: वहीत चित्र काढा, शंख तिथेच ठेवा.

हिवाळी सहल म्हणून आया दोन-दोन स्वेटर भरतात. दापोली वर पठारावर असल्यामुळे पहाटे खरंच गारठा असतो, पण दुपारी किनाऱ्यावर पारा तिशी ओलांडतो. मूल मलूल पडलं, डोकं धरून बसलं, तर आधी अंगावरचा स्वेटर काढा आणि सकाळपासून पाणी किती प्यायलं ते विचारा. बरीच मुलं, मुली तर हमखास, वाटेत स्वच्छतागृह मिळणार नाही या धास्तीने पाणीच पीत नाहीत. थांबे आधी जाहीर केले की अर्धी डोकेदुखी कमी होते. उलटीची गोळीसुद्धा घाट लागल्यावर देऊन उपयोग नाही. पालकांनी दिलेली असेल तर ताम्हिणीच्या अर्धा तास आधी.

आणखी एक. डिसेंबरात नेऊन "कासवाची पिल्लं बघू" असं मुलांना कबूल करू नका. ऑलिव्ह रिडले मादी साधारण नोव्हेंबरपासून अंडी घालायला येते आणि पिल्लं बाहेर यायला दीड-दोन महिने लागतात. वेळासला पिल्लांसाठी गर्दी होते ती फेब्रुवारी-मार्चपासून. डिसेंबरात खाडीतली तिवरं-कांदळं, म्हणजे खारफुटीची झाडं, आहेत, हर्णे बंदरावरचा मासळीचा लिलाव आहे, समोर सुवर्णदुर्ग आहे. लिलावाला मात्र नाक दाबणाऱ्यांना मागे उभं करा. कोळणी बोलून दाखवतात, आणि त्यांचं बरोबरच असतं.

यंदाच्या तारखेसाठी मुख्याध्यापकांकडे गेलो ते कालनिर्णय घेऊनच. त्यांनी विचारलं, "मुहूर्त काढताय का?" म्हटलं, हो.