ॲक्टिव्ह पिकअपचा आवाज बद्द येतोय? बॅटरीनंतर थांबू नका, पॉट बघा

गिटारला ईएमजी ८१, सेमूर डंकन ब्लॅकआउट्स किंवा फिशमन फ्लुएन्स असे ॲक्टिव्ह, म्हणजे बॅटरीवर चालणारे, पिकअप बसवले आहेत, तरी आवाज बद्द येतो. पाम म्यूट केलं (तळवा ब्रिजजवळ तारांवर टेकवून वाजवलं) की नुसतं घुमतं, पॉवर कॉर्डमधले दोन सूर एकमेकांत मिसळून जातात. अशा वेळी बहुतेक जण पहिल्यांदा नऊ व्होल्टची नवी बॅटरी आणतात. आणा, हरकत नाही. पण उतरलेल्या बॅटरीची खूण वेगळी असते: जोरात स्ट्रम केल्यावर आवाज फाटतो, चरचरतो, मग बारीक होत जातो. आवाज नीट, भरदार येतोय पण त्याचा ट्रेबलच कुणी काढून घेतल्यासारखा वाटतोय, तर दोष बहुधा पॉटमध्ये (व्हॉल्यूम-टोनच्या नॉबखालचा बदलता रेझिस्टर), टोनच्या कपॅसिटरमध्ये नाहीतर जॅकच्या पलीकडे, म्हणजे केबल, पेडल, ॲम्पमध्ये आहे.

तरी बॅटरीची शंका एकदा फेडून टाका. केबल जॅकमध्ये घालून ठेवा म्हणजे सर्किट चालू राहील, मल्टिमीटर डीसी २० व्होल्टवर ठेवा आणि बॅटरीच्या क्लिपवर मोजा. कोरी अल्कलाइन बॅटरी ९ च्या वर दाखवते. ८ च्या खाली असेल तर बदला. कोपऱ्यावरच्या दुकानात मिळते ती बहुतेक साधी ६एफ२२, म्हणजे झिंक-कार्बन. अंगावर ६एलआर६१ छापलेली अल्कलाइन मागून घ्या. ईएमजी ८१ जेमतेम ८० मायक्रोॲम्प करंट ओढतो, त्यामुळे केबल काढून ठेवायची सवय असेल तर बॅटरी महिनोन्‌महिने पुरते. फ्लुएन्स मिलिॲम्पमध्ये ओढतो, तिथे रात्रभर केबल लावून ठेवणं परवडत नाही.

आता घोटाळा जॅकच्या अलीकडे आहे की पलीकडे, ते ठरवा. सगळे पेडल काढा. गिटार थेट ॲम्पच्या क्लीन चॅनलमध्ये, बेस-मिड-ट्रेबल तिन्ही मध्यावर, गिटारचे व्हॉल्यूम आणि टोन पूर्ण १० वर. वाजवून बघा, मग व्हॉल्यूम ५-६ वर आणून पुन्हा वाजवा. दोन्ही वेळा आवाज स्वच्छ आला तर गिटार उघडू नका, खाली ॲम्पचा भाग आहे तो वाचा. १० वरही बद्दच असेल तर दोष गिटारमध्ये, पुढचे भाग एकेक तपासा. १० वर स्वच्छ आहे, ५-६ वर आवाज कमी व्हायलाच हवा, पण त्याबरोबर ट्रेबलही गेला, तर आत चुकीचा पॉट बसलाय हे जवळपास नक्की.

कारण असं. ॲक्टिव्ह पिकअपमध्ये कॉइलच्या मागे प्रीॲम्प, म्हणजे सिग्नल वाढवणारं छोटं सर्किट असतं; पॅसिव्हमध्ये ते नसतं. ईएमजीचा आउटपुट इम्पिडन्स १० किलोओहमच्या आसपास, म्हणून त्याला २५ किलोओहमचे पॉट लागतात. पॅसिव्ह हंबकरला (दोन कॉइलचा पिकअप) ५०० के, म्हणजे ५०० किलोओहम, सिंगल कॉइलला २५० के. ॲक्टिव्ह पिकअप जुन्या पॅसिव्ह गिटारमध्ये बसवताना पुष्कळदा जुने ५०० के पॉट तसेच राहतात. व्हॉल्यूम पूर्ण उघडा असताना काही कळत नाही. पण पॉटच्या अर्ध्या रेझिस्टन्सवर आलात की केबलला दिसणारा सोर्स सव्वाशे किलोओहमच्या घरात जातो, आणि ६०० पिकोफॅरडची केबल, म्हणजे साधारण सहा मीटरची, २ किलोहर्ट्झच्या वरचं सगळं खाऊ लागते. २५ के पॉट असेल तर हाच हिशोब ३० किलोहर्ट्झच्या पलीकडे जातो, म्हणजे कानाला फरकच नाही. शिवाय ॲक्टिव्ह पिकअपवर ५०० के पॉटने आवाज हळूहळू कमी-जास्त करणंही अवघड जातं.

पॉट मोजताना बॅटरी काढा, पॉटच्या बाजूच्या एका पायाची वायर सोडवा, मगच बाहेरच्या दोन पायांवर मल्टिमीटर लावा. वायर न सोडवता मोजलं तर बाकीचं सर्किट मध्ये येतं आणि आकडा खोटा येतो. पुष्कळदा पॉटच्या पाठीवरच ‘ए२५के’ छापलेलं असतं, मग मोजायचीही गरज नाही. ए म्हणजे ऑडिओ टेपर, बी म्हणजे लिनिअर. व्हॉल्यूमला ए घ्या.

मुंबईत नवे पॉट शोधायला ग्रँट रोड स्टेशनला उतरून लॅमिंग्टन रोड गाठा. पाटीवर डॉ. भडकमकर मार्ग लिहिलेलं असतं, पण दुकानदारांसकट सगळे लॅमिंग्टन रोडच म्हणतात. रविवारी जाऊ नका, बहुतेक शटर खाली असतात. काउंटरवर ‘ऑडिओ टेपर’पेक्षा ‘लॉग पॉट’ म्हटलेलं लवकर कळतं. २५ के नाहीच मिळाला तर २२ के किंवा ५० के घेऊन काम निभतं. निघताना गिटारमधला एक जुना पॉट काढून खिशात ठेवा. १६ मिमीच्या छोट्या पॉटचा आटा ७ मिमीचा असतो, मोठ्या इम्पोर्टेड पॉटचा साडेनऊ मिमीच्या आसपास. लाकडातल्या भोकात पॉट खुळखुळायला लागला तर वॉशर शोधत पुन्हा त्याच रस्त्यावर यावं लागतं.

उलटी चूक याहून वाईट, कारण तिथे व्हॉल्यूम पूर्ण उघडला तरी आवाज गुदमरलेलाच राहतो. पॅसिव्ह पिकअपला २५ के पॉट लागला की त्याच्या कॉइलवर एवढा भार पडतो की १ किलोहर्ट्झच्या आसपासच आवाजाची घसरण सुरू होते. हे दोन प्रकारे घडतं. पहिला: ब्रिजला ॲक्टिव्ह, नेकला आवडीचा जुना पॅसिव्ह, आणि दोघांना मिळून एकच २५ के व्हॉल्यूम. नेकवर गेलं की गिटार रजईत गुंडाळल्यासारखी वाजते. यावर उपाय म्हणजे दोघांना वेगळे व्हॉल्यूम द्या, पॅसिव्हला ५०० के आणि ॲक्टिव्हला २५ के, आणि स्विचची मधली जागा वापरायची नाही असं ठरवा. नाहीतर पॅसिव्हच्या मागे त्याचा इम्पिडन्स उतरवणारा छोटा बफर प्रीॲम्प घाला, मग सगळीकडे २५ के चालतो.

दुसरा प्रकार जुन्या बाजारातल्या गिटारींमध्ये सर्रास दिसतो. ईएमजीचे एचझेड पिकअप तसेच काळे, तसेच बंद डबीतले, पण ते पॅसिव्ह असतात. ‘ईएमजी आहे म्हणजे ॲक्टिव्हच’ असं समजून त्यांना २५ के पॉट आणि बॅटरीची क्लिप जोडलेली गिटार हातात आली तर नवल वाटू देऊ नका. डबीवर एचझेड लिहिलंय का बघा. पिकअपमधून बॅटरीची लाल वायर निघत नसेल तर तो पॅसिव्ह. त्याला ५०० के द्या, आवाज तिथल्या तिथे उघडेल.

टोन कंट्रोल तपासायला सोपा: टोन पॉटकडे जाणारी सिग्नलची वायर तात्पुरती सोडवा. आवाज एकदम मोकळा झाला तर दोष तिथेच. ईएमजीच्या २५ के टोनला ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर असतो, अंगावर १०४ छापलेलं. पॅसिव्हमधला २२३ किंवा ४७३ तसाच राहिला असेल तर टोन नॉब कमी फिरल्यासारखा वाटेल, पण बद्दपणा त्याने येत नाही. बद्दपणा येतो तो कपॅसिटर पॉटला वगळून थेट ग्राउंडला टेकला तर, किंवा मुंबईच्या दमटपणाने पॉटच्या आतला ट्रॅक खराब झाला तर. पॉटसाठी काँटॅक्ट क्लीनर वापरा. घरातला गंज काढायचा स्प्रे मारला की आत तेलकट थर राहतो आणि त्यावर धूळ बसते.

वायरिंग बरोबर निघाली तर पिकअपची उंची बघा. ॲक्टिव्ह पिकअपचं चुंबक तारेला फारसं ओढत नाही, म्हणून लोक पिकअप तारेला जवळजवळ टेकवून ठेवतात. मग जाड तारांचा बेस प्रीॲम्पला दाबून टाकतो. शेवटच्या फ्रेटवर तार दाबून मोजा: ब्रिजला जाड तारेखाली २.५ मिमी, बारीक तारेखाली २ मिमी. नेकला १ मिमी जास्त खाली न्या. सहा तारा एकेक वाजवून बघा, जाड ई ओरडत असेल तर तेवढीच बाजू अर्धा फेरा उतरवा. ईएमजी ८१ ब्रिजला आणि ईएमजी ८५ नेकला ही नेहमीची जोडी. नेकचा ८५ आवाजाने जाड आहे. तिथे स्वच्छ सूर हवे असतील तर ईएमजी ६० जास्त उजळ वाजतो.

तारांबद्दल थोडक्यात: पावसाळ्यात त्या लवकर मरतात, आणि मेलेल्या तारांवर कुठलाही पिकअप बद्दच वाजतो. ड्रॉप सी ट्यूनिंग (जाड तार सी सुरापर्यंत उतरवलेली) ०.०१०-०.०४६ इंच जाडीच्या सेटवर करू नका, ०.०११-०.०५४ तरी घ्या.

गिटार निर्दोष निघाली तर पुढे ॲम्प. जॅम रूममधल्या ॲम्पवर आधीच्या बँडने बेस ८ वर ठेवलेला असतो आणि गेन त्याहून वर. ॲक्टिव्ह पिकअपचा सिग्नल आधीच तगडा, त्यामुळे पॅसिव्हच्या सवयीचा गेन अंगावर येतो. दोन इनपुट असतील तर लो घ्या, गेन दोन आकडे उतरवा, बेस ४ वर आणा, मिड मात्र कापू नका. डिस्टॉर्शनच्या आधीचा बेस कापला की पाम म्यूट लगेच सुटसुटीत होतो. ट्यूब स्क्रीमर जातीचा ओव्हरड्राइव्ह पेडल ड्राइव्ह शून्यावर आणि लेव्हल वर ठेवून लावतात ते याचसाठी: त्याचा क्लिपिंगचा भाग ७२० हर्ट्झच्या खाली कमी उचलतो.

फ्लॅटमध्ये हेडफोनवर वाजवणाऱ्यांसाठी एक नेहमीचा सापळा आहे. मल्टी-इफेक्ट्सचा कॅबिनेट सिम्युलेटर (स्पीकरच्या खोक्याच्या आवाजाची नक्कल) चालू, आणि लॅपटॉपवरच्या ॲम्प प्लगिनचाही चालू. दोन कॅबिनेटमधून गेलेला आवाज बद्द होणारच. एक बंद करा. गिटार लॅपटॉपला जोडणाऱ्या ऑडिओ इंटरफेसवर इन्स्ट्रुमेंट इनपुटचा लाल दिवा लागत असेल तर लाइन इनपुट घ्या, १० किलोओहमच्या सोर्सला ते सहज चालतं.

एवढं करूनही एकच पिकअप बद्द राहिला, तर त्याची केबल पॉट वगळून थेट जॅकला जोडा. बॅटरीच्या वायरी सांभाळून, क्लिप क्षणभरही उलटी टेकवू नका. तरीही तसाच वाजला तर आतला प्रीॲम्प गेला. ईएमजी एपॉक्सीत बंद असतात, उघडून दुरुस्त होत नाहीत. पिकअपच बदला. क्विक-कनेक्ट पिनांचा असेल तर सोल्डरिंगही लागत नाही.