कॅलिफोर्नियात जेवणाची सुट्टी नाकारली जात असेल तर

कॅलिफोर्नियात दुकानात, उपाहारगृहात किंवा गोदामात ताशी पगारावर काम करणाऱ्या मराठी माणसांनी हे पक्के ध्यानात ठेवावे की, दिवसाचे काम पाच तासांहून अधिक असेल, तर पाचवा तास संपण्यापूर्वी किमान 30 मिनिटांची, कामातून पूर्ण मोकळीक असलेली जेवणाची सुट्टी देणे मालकावर सर्वसाधारणपणे बंधनकारक असते. काम सहा तासांत आटोपणार असेल, तर ती दोघांच्या संमतीने सोडता येते.

वाद झाला की मालक बहुधा म्हणतो, ‘सुट्टी होतीच, तुम्हीच घेतली नाहीत.’ सुट्टी उपलब्ध करून देणे हे मालकाचे कर्तव्य असले, तरी त्या वेळेत कोणी काम करत नाही ना, यावर पहारा ठेवणे त्याच्यावर बंधनकारक नाही, असे राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने 2012 मध्ये ब्रिंकर खटल्यात ठरवल्यामुळे या बचावाला वजन आहे. म्हणूनच ज्या दिवशी गर्दीमुळे थांबवले गेले, त्याच दिवशी तारीख, वेळ आणि थांबवणाऱ्याचे नाव स्वतःच्या वहीत लिहावे व व्यवस्थापकाला सौम्य शब्दांत ईमेल करावा. सुट्टीची नोंद करून प्रत्यक्षात काम मात्र करत राहू नये. त्या खोट्या नोंदीने आपलाच पुरावा दुबळा होतो.

सुट्टी नाकारलेल्या प्रत्येक दिवसामागे एका तासाचे जादा वेतन मागता येते. ते मिळाले नाही, तर तीन वर्षांच्या आत राज्याच्या लेबर कमिशनरकडे विनाशुल्क दावा दाखल करावा. तक्रार केली म्हणून कामावरून काढणे बेकायदेशीर आहे.