मशीन घ्यायच्या आधी सर्विस बघा (गोव्यातल्या सुतार, गवंडी, फॅब्रिकेटर, प्लंबर सगळ्यांसाठी)

ग्रायंडर असू दे, ड्रिल असू दे, मार्बल कटर असू दे, दुकानात गेल्यावर भाव विचारायच्या आधी एकच विचारा, "ह्या मॉडेलचे कार्बन आहेत काय तुमच्याकडे?" बस. (कार्बन म्हणजे मोटरला वीज पोचवणारे छोटे ब्रश, ते घासून झिजतात.) समोरचा मागं वळून ड्रॉवर उघडतो, कुठंतरी फोन लावतो, की "ओ नवीन मशीनला कशाला लागतात कार्बन" म्हणून हसतो, ह्यावरून त्या दुकानाची अर्धी कुंडली कळते.

ड्रॉवर उघडला त्याच्याकडं थांबा. फोन लावून "उद्या संध्याकाळपर्यंत मडगावहून मागवतो, एवढे पैसे पडतील" म्हणाला तो पण चालेल, निदान त्याला कुठं विचारायचं ते माहीत आहे. हसणाऱ्याकडून सँडपेपर, खिळे, फेविकॉल घ्या, मशीन नको. तो तीनशे रुपयांनी स्वस्त देत असला तरी नको, कारण भर कामात मशीन बंद पडून एक दिवस घरी बसलात की ते तीनशे कधीच गेले, वर पार्टीची बोलणी खायची ती वेगळी.

चांगला दुकानदार ओळखायची दुसरी खूण म्हणजे तो उलट प्रश्न विचारतो. "कशाला पायजे? टाईल कापायला की चिरे?" आपल्याकडं हा प्रश्न फार महत्त्वाचा आहे. चिरा म्हणजे जांभा दगड, वाटतो मऊ, पण दिवसभर कोरडा कापला की ती लाल धूळ मोटरच्या आत जाते, पावसाळी हवेत ओल धरते आणि बेअरिंगभोवती चिखलासारखी बसते. तुम्ही सात इंची ग्रायंडर मागितला आणि त्यानं काम विचारून पाच इंची काढून दिला, म्हणजे स्वतःचं बिल कमी करून घेतलं, तर त्या माणसाचा नंबर सेव्ह करून ठेवा. मशीन काउंटरवर प्लग लावून चालवून दाखवतो का तेही बघा. सील तोडायला कुरकुर करणारे असतात, त्यांना स्पष्ट सांगा की घरी जाऊन चालू केलं आणि चाललं नाही तर परत यायचा बसचा खर्च कोण देणार.

आणि हे पण विचारून घ्या, की बंद पडलं तर मशीन तुम्ही घेऊन सर्विस सेंटरला पाठवणार की मी स्वतः न्यायचं? गोव्यात हा कळीचा मुद्दा आहे. सर्विस सेंटरं बहुतेक पणजी, मडगाव, म्हापसा, वास्को ह्या पट्ट्यात. पेडण्याचा किंवा काणकोणचा माणूस मशीन द्यायला एकदा गेला, आणायला परत गेला, म्हणजे दोन दिवसांचा रोज बुडाला. त्यात दुपारी एक ते साडेतीन शटर खाली, तुम्ही सव्वा वाजता पोचलात तर बाहेर सोडा पीत बसा. जो डीलर स्वतःच्या काउंटरवर मशीन घेतो, त्याच्या माणसाबरोबर पाठवतो आणि आलं की फोन करतो, त्याला शंभर दोनशे जास्त द्यायला काही हरकत नाही. काही जण तर नेहमीच्या गिऱ्हाइकाला तोपर्यंत वापरायला जुनं मशीन देतात, म्हणजे काम थांबत नाही. असा कोण सापडला तर त्याची उधारी वेळेवर भागवा आणि वीस रुपयांच्या कार्बनवर घासाघीस करू नका, प्लीज.

आता कुठली कंपनी चांगली, हे मला सगळे विचारतात. माझं उत्तर ठरलेलं असतं, तुझ्या गावापासून तासाभरात जिचं स्पेअर मिळतं ती. बॉश, मकिता, डिवॉल्ट, हिकोकी सगळ्यांची मशीनं चालतात, फरक पडतो तो बंद पडल्यावर. कंपनीच्या साईटवर सर्विस सेंटर शोधायची सोय असते, आपला ४०३ ने सुरू होणारा पिनकोड टाका आणि जे पत्ते येतील तिथं फोन करा. खरोखर फोन करा, नुसता पत्ता बघून खूश होऊ नका, कारण बंद झालेली सेंटरं पण यादीत राहून जातात. फोन उचलला तर विचारा, अमुक मॉडेलचं आर्मेचर (मोटरचा आत फिरणारा भाग) स्टॉकमध्ये असतं का, नसेल तर किती दिवस लागतात. "चार ते सहा दिवस, बंगळूरहून येतं" असं सरळ सांगणारा चांगला. "फाल्यां यो" (उद्या ये) म्हणणाऱ्याचा फाल्यां कधी उजाडत नाही हे आपण गोंयकारांना वेगळं सांगायला नको.

हिकोकी म्हणजे आपली जुनी हिताची, २०१८ मध्ये नाव बदललं. बांधकामावर कुठल्याही कंपनीच्या मार्बल कटरला 'सीएम फोर' म्हणतात ना, ते हिताचीच्याच मॉडेलवरून. तुमच्याकडं जुना हिताची पडून असेल आणि दुकानदार म्हणाला कंपनी गेली, तर ऐकू नका, हिकोकीच्या सर्विसला मॉडेल नंबर सांगा. केपीटी घ्यायचं तर ती शिरोळची कंपनी, म्हणजे कोल्हापूर जिल्हा, आपल्याला तशी जवळची. हिल्टीचं सगळंच वेगळं, ते हार्डवेअरच्या दुकानात मिळत नाही, कंपनीचा माणूस थेट साईटवर येतो, विकतो तो आणि सर्विसला नेतो पण कंपनीच. किंमत ऐकून एकट्या सुताराला घाम फुटेल, पण रोज काँक्रीटमध्ये अँकर मारणाऱ्या किंवा कोर कटिंग करणाऱ्या कॉन्ट्रॅक्टरला ते परवडतं, कारण तिथं मशीन थांबलं की दहा माणसं थांबतात.

कॉर्डलेस घेताना बॅटरी आणि चार्जरची वॉरंटी वेगळी विचारा, बऱ्याचदा मशीनपेक्षा कमी असते. आणि एकदा एका कंपनीची बॅटरी घेतलीत की पुढची मशीनं पण त्याच कंपनीची घ्यावी लागतात, म्हणून इथं सर्विस दुप्पट तपासा. ऑनलाईन मागवलेली लिथियम बॅटरी विमानानं पाठवायला नियम कडक आहेत, त्यामुळं ती बहुतेकदा रस्त्यानंच येते, आणि पावसात चोर्ला किंवा आंबोली घाटात दरड आली तर काय होतं ते माहीतच आहे. अर्जंट काम असेल तर इथल्या दुकानातूनच घ्या.

गल्फवाल्यांसाठी एक. भाऊ दुबईहून येताना ड्रिल घेऊन येतो, स्वस्त पण पडतं, मशीन पण एक नंबर. पण त्याची वॉरंटी इथं सहसा चालत नाही आणि मॉडेलमध्ये एखादं अक्षर वेगळं असलं की स्पेअर जुळत नाही. इंग्लंडला असलेल्या नातेवाइकाकडून मागवत असाल तर आणखी जपा, तिकडं बांधकाम साईटवर ११० व्होल्टची मशीनं वापरतात, पिवळ्या प्लगची, ती आपल्या २३० व्होल्टवर लावलीत की एका मिनिटात धूर. आणि मग कुठलाच सर्विसवाला तुम्हाला मदत करू शकत नाही.

बिलाचं बोलू. कच्च्या चिठ्ठीवर मशीन घेऊ नका. जीएसटी १८ टक्के वाचतो म्हणून चिठ्ठी घेतात आणि मग वॉरंटीला काय दाखवणार? पक्क्या बिलावर मॉडेल नंबर आणि सिरियल नंबर दोन्ही लिहून घ्या, आणि तोच सिरियल बॉक्सवर आणि मशीनच्या प्लेटवर आहे का ते काउंटरवरच जुळवा. दुकान गोव्यातलं असेल तर जीएसटी नंबर ३० ने सुरू होतो, महाराष्ट्राचा २७, कर्नाटकचा २९, म्हणजे माल कुठून बिल होतोय ते एका नजरेत कळतं. छापील पावती थर्मल कागदाची असेल तर त्याच दिवशी फोटो काढा, आपल्या दमट हवेत ती टूलबॉक्समध्ये राहिली की काही महिन्यांत कोरी होते. काही कंपन्या मशीन ऑनलाईन रजिस्टर केलं तर वॉरंटी वाढवून देतात, पण त्याला मुदत असते, तेव्हा दुकानातच उभं राहून मोबाईलवर करून टाका, नाहीतर राहून जातं ते जातंच.

आता मशीन बंद पडलंय आणि तुम्ही ते सर्विसला देताय. इथं सगळ्यात जास्त लोक गंडतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो. जॉबशीट, म्हणजे मशीन जमा केल्याची पावती, घेतल्याशिवाय काउंटर सोडायचा नाही. त्यावर सिरियल नंबर, काय तक्रार आहे ती ("गरम होतं" एवढं नको, "दहा मिनिटं लोडवर चालवलं की बंद पडतं आणि वास येतो" असं), आणि मशीनबरोबर काय काय दिलंय ते सगळं लिहून घ्या. साईड हँडल, गार्ड, चकची चावी, चार्जर, पेटी. हँडल लिहिलं नाही तर परत येताना ते नसतं आणि कोणाला आठवत पण नाही. खर्च किती येईल ते कळवल्याशिवाय उघडून काम सुरू करू नका असं लिहूनच घ्या, आणि बदललेले जुने पार्ट परत द्या असं पण आधीच सांगा, नंतर मागितले की "ते कचऱ्यात गेले" ऐकायला मिळतं.

परत घेताना नुसतं चालू करून पिशवीत भरू नका. टाईलचा तुकडा नाहीतर फळीचा तुकडा बरोबर न्या आणि तिथंच लोडवर चालवा. मागच्या फटीतून आत बघा, कार्बनजवळ बारीक निळसर ठिणगी दिसली तर काळजी नाही, पण कॉम्युटेटरभोवती (कार्बन जिथं टेकतात तो आर्मेचरचा तांब्याचा गोल भाग) पूर्ण गोल आग फिरताना दिसली तर मशीन तिथंच परत द्या. जळका वास, बेअरिंगची किणकिण, स्पिंडल हातानं हलवल्यावर खटखट, हे सगळं तिथल्या तिथं सांगायचं. चांगलं सेंटर ह्याला वैतागत नाही, मेकॅनिक स्वतः बाहेर येऊन ऐकतो.

त्यांची पण बाजू आहे. कार्बन, चक, वायर असले झिजणारे पार्ट सहसा वॉरंटीत येत नाहीत, त्यावरून भांडून उपयोग नाही. आणि मेकॅनिकनं उघडलं की त्याला कळतं मशीन कसं वापरलंय. आर्मेचर आणि फील्ड (त्याच्याभोवतीची न फिरणारी गुंडाळी) दोन्ही सारखे काळे झाले असतील तर तो बहुतेकदा ओव्हरलोड धरतो आणि वॉरंटी नाकारतो. ते टाळायचं तर पन्नास मीटरची बारीक एक्स्टेन्शन वायर लावून रोटरी हॅमर चालवू नका, व्होल्टेज पडतं आणि मोटर तापते, आणि रोज संध्याकाळी ब्लोअरनं धूळ उडवा. कार्बन पूर्ण झिजेपर्यंत वाट बघू नका, स्प्रिंग कॉम्युटेटरला घासली की शंभराचं काम दोन हजारांवर जातं.

वॉरंटीत असताना बाजारात आर्मेचर रिवाइंड करून (तार नव्यानं गुंडाळून) घेतलंत की वॉरंटी संपली. वॉरंटी उलटल्यावर मात्र चांगला रिवाइंडिंगवाला सोन्याहून पिवळा, फक्त तार तांब्याचीच घालणार ना ते विचारून घ्या. डुप्लिकेट स्पेअर ओळखायला पार्ट नंबर कामाला येतो. बॉशच्या प्लेटवर मॉडेलच्या नावाशिवाय दहा आकडी नंबर असतो, तो सांगा, कारण एकाच नावाच्या मशीनच्या जुन्या नव्या आवृत्तीत पार्ट वेगळे असू शकतात. प्लेटचा फोटो मोबाईलमध्ये ठेवलात की दुकानदाराला व्हॉट्सअपवर पाठवून काम होतं, फेरी वाचते.

वेळेचं म्हणाल तर सर्विसिंग जून-जुलैमध्ये उरका. बाहेरची कामं थंड असतात, सेंटरवाले पण निवांत असतात, बसून नीट ग्रीस बदलून देतात. चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) आधी पंधरा दिवस गेलात तर अख्ख्या गोव्यातले पेंटर, सुतार, इलेक्ट्रिशियन तिथंच उभे असतात, आणि चवथीत सगळंच बंद. त्यानंतर लगेच शॅक आणि हॉटेलांची कामं सुरू होतात, तेव्हा तर विचारूच नका.

एवढं करून पण कोणी दाद देत नसेल तर आधी कंपनीच्या कस्टमर केअरला ईमेल करा, जॉबशीटचा फोटो जोडून, आणि तक्रार नंबर घ्या. नुसत्या फोनवरच्या बोलण्याला पुरावा नसतो. मग १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईन. बरेच डीलर तोंडावर सांगतात की धंद्यासाठी घेतलेल्या मशीनला ग्राहक कायदा लागू नाही. हे अर्धवट आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात स्पष्ट लिहिलंय की स्वतः काम करून पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू 'व्यावसायिक हेतू'त धरली जात नाही. हाताखाली एक दोन मदतनीस असले तरी बिघडत नाही, सुप्रीम कोर्टानं १९९५ च्या निकालात तसं म्हटलंय. मोठा कारखाना असेल तर गोष्ट वेगळी. तक्रार जिल्हा आयोगात, तुम्ही राहता किंवा काम करता तिथं करता येते, कंपनी बंगळूरला असली तरी तिकडं जावं लागत नाही. वस्तूची किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही, मुदत दोन वर्षं, ऑनलाईन पण भरता येते. बिल, जॉबशीट आणि ईमेल हे तीन कागद तेव्हा जवळ पाहिजेत.

(कोणाला काणकोण-केपे बाजूला मशीन काउंटरवर घेऊन सर्विसला पाठवणारा डीलर माहीत असेल तर नक्की सांगा, तिकडचे मित्र कायम विचारत असतात.)